पहिले दोन आटे

७ एप्रिल, सोमवार

ही वही तनयाने दिली. म्हणाली, “मला सांगत नाहीस ते निदान इथे तरी लिही.” दोन वर्षं घरी बसलेल्या नवऱ्याला याहून सभ्य टोमणा मारता येत नसावा.

तर लिहितो. पॉलिटेक्निक बंद पडलं, तोवर मी तिथे पंधरा वर्षं द्रवयांत्रिकी शिकवत होतो. आजपासून भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात देखभाल सुपरवायझर आहे. औषधांचं गोदाम. आत एक मोठी थंड खोली, तिच्यात इन्शुलिन आणि लसी. वीज गेली की मागच्या शेडमधला डिझेल जनरेटर चालू झालाच पाहिजे, नाहीतर माल वाया. तो चालू राहील हे बघणं माझं काम.

गोदामाचे मॅनेजर भावेशभाई शेडमध्ये घेऊन गेले. बाहेरच्या टाकीपासून इंजिनापर्यंत लोखंडी पाइप आलाय. त्याच्या एल्बोंना, युनियनला, जिथे जिथे आट्यांवर जोड फिरवलाय तिथे डिझेल पाझरत होतं. खाली लाकडाचा भुसा टाकलेला. भावेशभाई म्हणाले, “आल्हादभाई, अगले महिने पार्टी का ऑडिट है. ये टपक-टपक दिखनी नहीं चाहिए.” पार्टी म्हणजे जिचा माल इथे ठेवलाय ती औषध कंपनी.

जनरेटर चालवणारा अनंता केणे, कोन गावचा. कंत्राटदाराचा माणूस, इथे नऊ वर्षं. सगळे त्याला अरे-तुरे करतात, म्हणून मीही केलं. तो माझ्याहून निदान पंधरा वर्षांनी मोठा असेल. मला मात्र तो ‘सर’ म्हणाला, आणि ते दोन वर्षांनी ऐकून मला बरं वाटलं.

संध्याकाळी त्याने रजिस्टर पुढे केलं. तारीख, जनरेटर कधी चालवला, शेरा, आणि खाली माझी सही. सही करायला मिळाली याचा केवढा आनंद झाला, ते लिहायलाही लाज वाटते.

१० एप्रिल, गुरुवार

गळती नेमकी कुठून होते ते तीन दिवस मला सापडत नव्हतं, कारण डिझेल पाइपभर पसरतं. अनंता म्हणाला, “सर, तुमच्याकडं खडू आसंल ना?” बॅगेच्या तळाशी खरंच दोन तुकडे निघाले. त्याने सगळे जोड पुसले, खडू कुटून त्यावर भुकटी लावली आणि आम्ही चहाला गेलो. परत आलो तर चार जोडांवर पांढऱ्यात काळे डाग उमटलेले. पंधरा वर्षं हातात खडू होता, हा उपयोग मला ठाऊक नव्हता.

इथवर ठीक. मग त्याने दुरुस्तीचं सामान काढलं, ते बघून मी हबकलो. शर्टाच्या खिशातून लूमच्या सुताची बॉबिन आणि डब्यातून पातळ केलेली लाख! भिवंडीत सुताला तोटा नाही हे खरं, पण म्हणून इंजिनाच्या पाइपाला सूत? म्हणाला, सायझिंगमध्ये, सुताला खळ देण्याच्या कारखान्यात, बॉयलरवर होता तेव्हापासून तो असंच करतो. आटे ब्रशने घासायचे, पहिले दोन आटे उघडे सोडायचे, पुढे सूत गुंडाळायचं, लाख लावायची, जोड आवळायचा आणि दिवसभर हात लावायचा नाही.

“पहिले दोन उघडे कशाला?”

“आत काय जाया नको, सर.”

मी हसलो. म्हटलं, आपण हे रीतसर करू. दिवसभर जनरेटर बंद ठेवायला भावेशभाई तयार होणार नाहीत, हेही कारण होतंच. पण खरं कारण ते नव्हतं. ऑडिटवाल्यांपुढे सूत दाखवायची मला लाज वाटली असती.

१२ एप्रिल, शनिवार

काम फत्ते! सगळे जोड खोलून सूत-लाख खरवडून काढली आणि पांढरी टेफ्लॉन टेप लावली. अनंताने पाने चालवले, टेप मी स्वतः गुंडाळली.

एक गंमत लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही. पहिल्या जोडाला मी टेप उलट्या दिशेने गुंडाळली. आवळताना ती सगळी गोळा होऊन बाहेर आली. अनंताने ती सोडवली आणि जोड परत माझ्या हातात दिला. मग मी अगदी टोकापासून, पहिल्या आट्यापासून, चांगली जाड गुंडाळली.

तो एकदा म्हणाला, “सर, डिझेलला ह्या टेपचं जमत न्हाय.” मी त्याला समजावलं, की टेफ्लॉनवर डिझेलचा काहीही परिणाम होत नाही. रेणूंची रचना वगैरे बरंच सांगितलं. ऐकून घेतलं त्याने. शिकवायला मजा आली.

आधीचे-नंतरचे फोटो काढून मुंबईच्या मुख्य कार्यालयाला मेल केला. पाऊण तासात उत्तर, “उत्तम काम”. तनयाला दाखवलं. ती म्हणाली, “अरे वा, तुला पाना धरता येतो?” मी विषय बदलला.

१७ एप्रिल, गुरुवार

शेडमधली जमीन कोरडी. भुसा झाडून टाकायला लावला.

अनंताचं एक खूळ कळत नाही. रोज सकाळी जनरेटर पंधरा मिनिटं चालवून बघतो आणि नंतर इंजिनाच्या अलीकडची गाळणी उघडून बसतो. महिन्याकाठी साफ करायची वस्तू रोज कशाला उघडायची? प्रत्येक वेळी वाटीभर डिझेल सांडतं, ते पुसायचं, मग लाइनमधली हवा काढायची. विचारलं तर म्हणतो, “बरी आसते, सर.” जुन्या माणसांना काहीतरी उघडझाप करत राहायला आवडतं. आमच्या वडिलांचंही असंच आहे, रेडिओ चांगला चालू असला तरी मागचं झाकण काढतात.

संध्याकाळी रजिस्टरवर सही करून साडेसहाला घरी.

२१ एप्रिल, सोमवार

आज माझा तोल गेला.

भावेशभाई पार्टीच्या दोन माणसांना घेऊन शेड दाखवायला आले, आणि त्याच वेळी अनंता गाळणी खोलून बसलेला. खाली डिझेलचं थारोळं. भावेशभाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी सगळ्यांसमोर अनंतावर ओरडलो. “तुला किती वेळा सांगायचं? मला विचारल्याशिवाय या गाळणीला हात लावायचा नाही. पालथ्या घड्यावर पाणी!” खरं तर मी त्याला आधी एकदाही स्पष्ट सांगितलं नव्हतं.

तो उठला. हात पुसले. “बरं, सर,” एवढंच म्हणाला.

वर्गात मी मुलांवर असा ओरडायचो, तेव्हा मुलं मागे हसायची. तो हसला नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

दुपारी दोन वीसला वीज गेली. बाहेर चाळीस डिग्री. जनरेटर व्यवस्थित चालू झाला. मी खुर्चीत बसून फोनवर बातम्या वाचत होतो. तीन वाजता आवाज बदलला. इंजिन आचके द्यायला लागलं, दिव्यांचा उजेड कमी-जास्त, आणि तीन वाजून चार मिनिटांनी बंद.

अनंता गाळणीकडे गेला आणि तिथेच थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मी काय बोललो? म्हटलं, “आधी बॅटरी बघ, सेल्फ बघ.” त्याने बॅटरी बघितली. मग मी म्हटलं, टाकीत डिझेल आहे का बघ. त्याने तेही बघितलं. दहा मिनिटं अशी गेली. शेवटी तो म्हणाला, “सर, गालनी उघडू?” मी हो म्हटलं, पण तेवढ्यात भावेशभाईंचा फोन आला आणि मी ओरडा खायला थंड खोलीकडे धावलो. गाळणीत काय निघालं ते मी पाहिलंच नाही. मी खोलीपर्यंत पोचतोय तोच जनरेटर चालू झाला. पण मधल्या वेळात खोली अकरा डिग्रीवर गेली होती. आठच्या वर जायचं नसतं.

इन्शुलिनचे दोन पॅलेट बाजूला काढले. पार्टीचे लोक तपासून ठरवणार. अहवाल उद्या पाचपर्यंत.

दोन वर्षांनी मिळालेली नोकरी तीन आठवड्यांत जाणार.

२६ एप्रिल, शनिवार

अहवाल दिला. इंग्रजीत, दीड पान.

लिहिलेली दोन वाक्यं इथे मराठीत उतरवून ठेवतो. एक, “इंधनाच्या लाइनचे जोड बंद करण्यासाठी सुती धागा व लाख वापरण्याची ऑपरेटरची सवय असून ही पद्धत प्रमाणित नाही.” दोन, “ऑपरेटरने गाळणी वारंवार उघडल्यामुळे लाइनमध्ये हवा शिरली असण्याची शक्यता आहे.”

दोन्हींत खोटं काही नाही. ते सगळं सूत मी बारा तारखेलाच काढायला लावलं होतं, आणि गाळणी सोमवारपासून इंजिन बंद पडेपर्यंत उघडली नव्हती, हे लिहायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. रकाना नव्हता म्हणतोय. दीड पान होतं, दोन झालं असतं.

खाली ऑपरेटरची सही लागते. अनंताला बोलावलं. कागद त्याने हातात धरला, वरून खाली नजर फिरवली. इंग्रजी त्याला येत नाही. विचारलं, “काय लिवलंय, सर?” मी म्हटलं, “झालं ते.” “तुमी लिवलंय ना, मंग बराबर आसंल,” म्हणून त्याने सही केली. अ-नं-ता-के-णे, प्रत्येक अक्षर सुटं, सावकाश.

जेवण गेलं नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

अनंताला आज गेटवरच थांबवलं. मुख्य कार्यालयाने कंत्राटदाराला कळवलं, कंत्राटदाराने पहारेकऱ्याला. त्याचा फोटो सुरक्षा चौकीच्या फळ्यावर लागलाय, ‘प्रवेश नाही’च्या खाली. या रस्त्यावरच्या सगळ्या गोदामांना हाच कंत्राटदार माणसं पुरवतो. काल्हेरपर्यंत त्याला आता कुणी उभं करणार नाही.

मी बस-स्टॉपकडून येत होतो. तो डबा घेऊन गेटबाहेर उभा होता. मला बघून म्हणाला, “सर, आत काय घोटाला झाला वाटतं. जरा बोलाल का?” मी म्हटलं, “बघतो.”

बघतो! हा शब्द मी स्वतः दोन वर्षं दारोदार ऐकला आहे.

तनयाने विचारलं, काय झालं. म्हटलं, एका माणसाला काढलं. “चूक कुणाची होती?” मी म्हटलं, चौकशी चालू आहे. ती पोळ्या लाटत होती. लाटणं क्षणभर थांबलं, मग परत चालू झालं.

२ मे, शुक्रवार

नवा ऑपरेटर कुमार. चुणचुणीत आहे. सकाळच्या चाचणीत सातव्या मिनिटाला जनरेटरने पुन्हा आचके दिले. मी कुमारला पाणी आणायला पाठवलं आणि गाळणी स्वतः उघडली. आयुष्यात पहिल्यांदा. झाकण माझ्या हातून निसटलं, डिझेल पँटवर सांडलं.

जाळी पांढऱ्या धाग्यांनी भरली होती. शेवयांसारखे लांब, मऊ. बोटांत धरून ओढला तर ताणला गेला. सूत नव्हतं ते. टेप होती. मी अगदी टोकापासून, पहिल्या आट्यापासून, चांगली जाड गुंडाळलेली टेप. तिच्या कडा पाइपाच्या आत उघड्या राहिल्या होत्या, आणि डिझेल त्यांचे तुकडे तोडून वाहून आणत होतं. डिझेल टेफ्लॉनला विरघळवत नाही, हे माझं व्याख्यान शंभर टक्के बरोबर होतं. पण अनंताने ते विचारलंच नव्हतं.

तिथेच रजिस्टर पडलं होतं. का कोण जाणे, मागची पानं उलटली.

“१५ एप्रिल. गालनी खोलली. पांडरी टेप निगाली. साप केली.” खाली माझी सही.

सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, एकवीस. तीच ओळ, आणि खाली माझी सही. सहा दिवस. सतराच्या शेऱ्यात तर पुढे लिहिलंय, “टेप लइ येते. सरांनी बगावे.” त्याखालीसुद्धा माझी सही आहे, शेपूट ओढलेली, घरी जायच्या घाईतली.

मग बावीस ते चोवीस, तीन दिवस. “गालनी खोलली न्हाय. सरांनी नको सांगितले.” सही, सही, सही.

कुमार पाणी घेऊन आला, तेव्हा मी खाली बसलो होतो. “साहब, तबियत ठीक है?” म्हणाला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते आज कळलं.

३ मे, शनिवार

कुणालाही काही सांगितलं नाही. गाळणी साफ केली. काल तीनदा, आज दोनदा. कुणी विचारलं तर म्हणायचं ठरवलं होतं, की बरी असते.

संध्याकाळी तनयाला सांगितलं. सगळं, सहीसकट. ती म्हणाली, “चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि सुळीच्या कागदावर संन्याशाचीच सही!” मी म्हटलं, खरं लिहिलं तर माझी नोकरी जाईल. ती म्हणाली, “जाईल. मला माहीत आहे.” रडली नाही, रागावली नाही. शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासायला घेतल्या आणि एकाच वहीवर खूप वेळ बसून राहिली.

४ मे, रविवार

कोनला गेलो. कल्याणच्या रस्त्यावर उतरलो. घर विचारावं लागलं. नऊ वर्षं रोज कामाला येणाऱ्या माणसाचं घर कुठल्या आळीत आहे हे गोदामात कुणालाच सांगता आलं नव्हतं.

अनंता ओटीवर होता. त्याची बायको गुणाबाई सुकी मासळी निवडत होती. “या. पानी देऊ?” म्हणाली. मी माफी मागायला सुरुवात केली. घरून वाक्यं ठरवून गेलो होतो. आज त्याला प्रथमच ‘तुम्ही’ म्हटलं. त्याने हात वर करून मला थांबवलं.

“सर, मी ज्या कागदावर सही केली, त्याच्यात काय लिवलं व्हतं? ते वाचून दाखवा.”

अहवाल फोनमध्ये होता. म्हटलं, इंग्रजी आहे. “मंग मराठीत सांगा. तुमी शिकवायचात ना?”

मी वाचलं. एक वाक्य इंग्रजीत, मग तेच मराठीत. ‘सवय असून’पाशी आलो तेव्हा मी आवाज खाली केला. तो म्हणाला, “आयकू न्हाय आलं.” पुन्हा वाचलं. गुणाबाईचे हात थांबले होते. तिच्यासमोर वाचणं जास्त अवघड गेलं.

संपल्यावर तो म्हणाला, “ह्याच्यात खोटं काय न्हाय. सूत मी लावतो. गालनी मी उघडतो. सगलं खरं लिवून मानूस असा मारता येतो, हे मना म्हायत नव्हतं.”

मी म्हटलं, नवा अहवाल लिहिणार आहे, उद्याच पाठवणार. “आत्ता लिवा. हितं.” गुणाबाईने कुठूनशी वही आणून दिली. मी मराठीत लिहीत गेलो आणि वाचून दाखवत गेलो. टेप माझी, हुकूम माझा, सह्या माझ्या. जिथे ‘ऑपरेटर’ लिहिलं तिथे त्याने थांबवलं. “नाव लिवा.” मी लिहिलं, अनंता काशिनाथ केणे.

शेवटी त्याने सही करायला नकार दिला. “माजं लिवलंच न्हाय. मना म्हायत व्हतं टेपनं काय होतं ते. एकदा बोललो, दुसऱ्यांदा बोललो न्हाय. रजिस्टरात लिवलं, पन तोंडावर न्हाय सांगितलं. तेवरं लिवा.”

मी म्हटलं, त्याची गरज नाही, तुमची चूकच नाही. “हाय,” तो म्हणाला. “मानूस नऊ वरसं काम करतो आनि त्याची एक चूक बी नसंल, तर तो काम करत नसंल.” मला ते पटलं नाही. पण लिहिलं. मग सावकाश, सुटी अक्षरं काढत त्याने सही केली.

यापुढे या वहीतही त्यांना ‘तो’ लिहिणार नाही.

९ मे, शुक्रवार

मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. सोमवारी अहवाल पाठवल्यापासून मी टेबल आवरून ठेवलं होतं.

पत्रात माझं अभिनंदन आहे. ‘स्वतःहून चूक मान्य करण्याचा प्रामाणिकपणा’ सगळ्या शाखांना उदाहरण म्हणून कळवणार आहेत. सक्त ताकीद वगैरे आहे, पण अर्ध्या ओळीची. इन्शुलिनचे पॅलेट तपासणीत पास झालेत, हेही एक कारण असावं.

दुसरा परिच्छेद असा, “अनंता काशिनाथ केणे यांनी धोक्याची माहिती असूनही तोंडी कळवली नाही, हे त्यांनी स्वतः मान्य केले आहे. सबब त्यांना पुन्हा कामावर घेता येणार नाही.”

भावेशभाईंनी पाठ थोपटली. “आप तो बच गए. पेढा खिलाओ.” मी हसलो. हसलो, हे लिहितोच. घरी येऊन राजीनामा लिहिला. पाठवला नाही. तनयाचा पगार आणि घराचा हप्ता डोळ्यांपुढे येतो. माणूस इतका भित्रा असतो हे दुसऱ्यांच्या बाबतीत किती पटकन कळतं!

११ मे, रविवार

पुन्हा कोन. पत्र वाचून दाखवलं. या वेळी आवाज खाली केला नाही.

अनंता केणे उठून आत गेले आणि हातपाय धुऊन आले. बोलल्या गुणाबाई. “मंग तुमी काय केलं?”

“अजून काही नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “जेवायला बसा. बारा वाजले.”

मी नको म्हणायला हवं होतं. माशांचं कालवण, तांदळाची भाकरी आणि भात होता. लाज वाटत होती आणि भूकही लागली होती. मी जेवलो. भात दोनदा घेतला. ते दोघं मला वाढत होते.

१२ मे, सोमवार

दर सोमवारी ‘जनरेटर सुस्थितीत’ असा दाखला देतो. त्यावर माझी सही नसेल तर पार्टी थंड खोलीत नवा माल ठेवत नाही. आज मी सही केली नाही.

भावेशभाईंना वाटलं, विसरलो. मी सांगितलं, “लाइनमध्ये अजून माझी टेप आहे. ती मी काढली आणि पुन्हा मीच जोड लावले, तर तेच होणार. हे जोड ज्यांना येतात ते गेटबाहेर आहेत. ते येऊन लाइन करतील, तेव्हा सही करीन.”

“दुसरा बंदा ला दूंगा. सही भी दुसरा करेगा.”

“आणा. त्याला आधी रजिस्टर दाखवीन. परवा, बुधवारी ऑडिटवाले येतील, त्यांनाही.” हे बोलताना मी टेबलाला धरून उभा होतो. भावेशभाईंनी अशी एक शिवी दिली की ती गुजरातीत असूनही समजली. म्हणाले, “ये ऑडिट हो जाने दो, फिर आपका देखता हूँ.” मग कंत्राटदाराला फोन लावला.

संध्याकाळी पत्राची दुरुस्ती आली. चार ओळी. अनंता काशिनाथ केणे पूर्ववत. माझ्याबद्दल ‘वर्तणुकीचा आढावा घेण्यात येईल’. तनयाला वाचून दाखवलं. म्हणाली, “घेऊ देत.” पोळी वाढताना तिने वर तूप घातलं.

१३ मे, मंगळवार

अनंता केणे आठ वाजता आले. पहारेकरी चौकीतल्या फळ्यावरून त्यांचा फोटो काढत होता, तो फाटला. अर्धा फळ्यावरच राहिला. ते तिथे उभे राहून बघत होते आणि मी त्यांच्या शेजारी उभा होतो.

शेडमध्ये त्यांनी सगळ्या लाइनवरून बोट फिरवलं. “सगली खोलाया लागंल. आजचा दिवस जाईल.” दिवसभरासाठी भाड्याचा जनरेटर मी कालच सांगून ठेवला होता. दारात कुमार, दोन हमाल आणि भावेशभाई उभे होते.

मी पाइप पाना त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो घेतला, वजन बघितल्यासारखा हातात धरला आणि मला परत दिला.

“तुमी खोला. मी बगतो.”

पाना दोनदा सटकला. तिसऱ्यांदा बोटं पाइपावर आपटली, सालटं निघाली. ते उकिडवे बसून होते. मधेच फक्त म्हणाले, “उलटा धरलाय.” मी सरळ धरला. पहिला जोड खोलायला मला पाऊण तास लागला. दारातलं कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.